जुना पोल घ्या, पण टेप काढून बघा

जानेवारी २०२६ मध्ये पनवेल स्थानकावर जे घडलं त्याची चित्रफीत नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या सायखेड्यात चहाच्या टपरीवरही फिरली. पोल व्हॉल्टमधला राष्ट्रीय विक्रमवीर देव मीणा आणि त्याचा सहकारी कुलदीप यादव आंतरविद्यापीठ स्पर्धा आटोपून भोपाळला परत निघाले होते. सोबत त्यांचे लांबलचक पोल. ते डब्यात कसे आणले म्हणून दोघांना पनवेलला उतरवलं गेलं. काही तास ते फलाटावर अडकून पडले, मग दंड भरून पुढे गेले. एकेका पोलची किंमत दोन लाखांच्या घरात असल्याचं बातम्यांत आलं होतं. टपरीवर चर्चा झाली ती दंडाची नाही, किमतीची. "सर, दोन लाखांची काठी? दोन लाखांत जुना ट्रॅक्टर येतो की!" असं आमच्या एका बागायतदाराने मला ऐकवलं.

त्याने गंमत केली, पण बोलला नेमकं. जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर आपल्याकडे रीत ठरलेली आहे. आरसी बुक बघायचं, किती तास चाललाय ते विचारायचं, ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यायचा, इंजिन थंड असताना चालू करून धूर बघायचा. जुना पोल घेताना यातलं काहीच होत नाही. कोणी तरी कोणाला तरी फोन करतो, मोबाइलवर दोन फोटो येतात, पैसे जातात आणि पोल येतो. तो कुणी वापरला, किती वजनाच्या मुलाने वापरला, कधी कशावर आपटला, काही ठाऊक नसतं. आणि त्याच पोलच्या टोकाला आपण एखादं चाळीस-पंचेचाळीस किलोचं लेकरू टांगतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या पोलची खरेदी-विक्री महाराष्ट्रात चोरीछुपे नको, उघड व्हावी, कागदानिशी व्हावी आणि सरकारी गोदामांत पडलेले पोलही त्यात यावेत. नव्या साहित्यासाठी अर्ज करून आमची पिढी दमली. राज्यात आज आहेत ते पोल योग्य वजनाच्या मुलापर्यंत पोचले तरी पुष्कळ होईल.

मी सायखेड्यात पोरांना मैदानी खेळ शिकवतो. आमच्या पोरांना काठीवर झोकून देण्याची भीती नसते. टोमॅटोच्या वावरात बांबू, द्राक्षबागेत बांबू आणि मधून वाहणारा पाट. बांबू पाटात टेकवून पलीकडे जाणं त्यांना कोणी शिकवत नाही. नेदरलँड्समधल्या फ्रीसलँड भागात याच उद्योगाच्या रीतसर स्पर्धा भरतात, असं मी एकदा सांगितलं, तर पोरांच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की तिकडे पाट किती रुंद असतो.

बांबूला मी कमी लेखत नाही. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४० मध्ये बांबूच्याच पोलवर १५ फूट, म्हणजे ४.५७ मीटर, पार केले. तोवर जगात ते कोणालाच जमलं नव्हतं. पण बांबू फारसा वाकत नाही. त्यावर उडी मारणारा वर जाऊन काठीवरून पलीकडे कलंडतो आणि पायांवर उतरतो, म्हणून त्या काळी वाळूच्या किंवा भुशाच्या खड्ड्यावर भागायचं. फायबरग्लासने खेळच बदलला. धावण्याचा वेग पोल वाकण्यात साठतो आणि पोल सरळ होताना तो वेग उंची होऊन परत मिळतो. फायबरग्लासवरचा पहिला विश्वविक्रम १९६१ मध्ये जॉर्ज डेव्हिसने केला. १९८५ मध्ये सर्गेई बुबकाने पॅरिसला सहा मीटर ओलांडले. आपल्याकडे १९८७ मध्ये विजयपाल सिंगने ५.१० मीटरचा विक्रम केला आणि तो जवळपास तीस वर्षं हलला नाही. देवास जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या देव मीणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तराखंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत ५.३२ आणि एप्रिलमध्ये कोचीला ५.३५ मीटर मारले. त्याच वर्षी टोकियोत स्वीडनचा डुप्लांटिस ६.३० वर पोचला होता. एवढं अंतर नुसत्या पोलने पडलेलं नाही, हे मलाही कळतं. पण ज्याला सरावात एकामागून एक कडक पोल हातात घेता येतात तो आणि ज्याच्याकडे एकच पोल आहे तो, हे दोघे एकच खेळ खेळत नाहीत.

हा मुद्दा बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. बाहेरून सगळे पोल सारखेच दिसतात, फार तर रंग वेगळा. पण प्रत्येक पोलवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. लांबी, किती वजनाच्या खेळाडूसाठी तो केलाय ते वजन, आणि लवचिकतेचा आकडा. अमेरिकी पोल फूट आणि पौंडांत बोलतात, स्वीडनचा नॉर्डिक सेंटिमीटर आणि किलोत. १२ फुटी, ११० पौंडाचा पोल म्हणजे साधारण ५० किलोच्या मुलासाठी. लवचिकतेचा आकडा काढण्याची पद्धत एकदम साधी आहे. पोल दोन आधारांवर आडवा ठेवायचा, मधोमध ५० पौंड वजन टांगायचं आणि तो किती सेंटिमीटर खाली झुकला ते मोजायचं. आकडा जितका लहान तितका पोल कडक. आधार किती अंतरावर ठेवायचे हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं, त्यामुळे स्पिरिट ब्रँडचा आकडा पेसर ब्रँडच्या आकड्याशेजारी ठेवून 'हा कडक, तो मऊ' असं म्हणता येत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या दोन पोलांची तुलना होते, बाकी अंदाज.

त्यात पुन्हा पोल कुठे धरला यावर सगळं फिरतं. हात सहा इंच खाली घेतला की तोच पोल सुमारे दहा पौंड जास्त कडक असल्यासारखा वागतो, असा या खेळातल्या लोकांचा ठोकताळा आहे. आमच्याकडे होतं असं, की उपलब्ध पोल १३ फुटी, १४० पौंडाचा आणि मुलगी ४४ किलोची. म्हणजे पोल मुळात ६३ किलोच्या खेळाडूसाठी केलेला. ती बिचारी उंच धरू शकत नाही म्हणून हात खाली घेते, आणि आधीच कडक असलेला पोल आणखी कडक होतो. मग तो वाकतच नाही. उभा राहतो आणि तिला परत धावपट्टीवर फेकतो. उलट बाजूने, दणकट पोराला फार मऊ पोल दिला तर तो जास्त वाकतो, पोराला गादीच्या भलत्याच कोपऱ्यात नेतो किंवा मोडतो. पोल मोडणं थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. २०११ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणारा क्यूबाचा लाझारो बोर्खेस २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पोल मोडून खाली आला, ते अख्ख्या जगाने पाहिलं.

आता यातलं अर्थकारण बघा. नववीतलं पोर ४२ किलोचं असतं, अकरावीत तेच ५५ चं होतं. वेगही वाढतो. वर्ष-दीड वर्षात त्याला पोल बदलावाच लागतो आणि जुना पोल अजून ठणठणीत असतो. जी वस्तू खराब होण्याआधी मालकाला अपुरी पडते, तिच्यासाठीच तर जुन्याचा बाजार असतो. अमेरिकेत शाळा, क्लब, प्रशिक्षक एकमेकांना पोल विकतात, भाड्याने देतात, बदलून घेतात. आपल्याकडे मात्र 'वापरलेला' म्हटलं की पालकांचा चेहरा पडतो आणि विकणाराही नजर चुकवतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही एक जुना पोल घेतला. विकणारा प्रशिक्षक मुंबईकडचा. फोनवर संभाषण नेहमीचंच झालं.

"सर, एकदम मस्त पीस आहे. फक्त दोन सीझन वापरलाय."

"कुणी वापरला? वजन किती होतं त्याचं?"

"असेल पन्नास-बावन्न."

"कुठे धरायचा?"

"आता ते कसं सांगू, सर?"

"बरं, वरची टेप काढून फोटो पाठवता का?"

यावर बराच वेळ शांतता. पण माणूस सज्जन निघाला. संध्याकाळी टेप काढलेले फोटो आले आणि चाळीस हजारांवरून गाडी बत्तीसवर उतरली. पोल आला तो वाशीला कांदा टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून, जुन्या गोधडीत गुंडाळून. ड्रायव्हरने भाडं घेतलं नाही. हा पाइप बोअरचा आहे का, एवढंच त्याने विचारलं. ट्रकच का, तर रेल्वेत डब्यात नेण्याच्या पेटीची लांबी एक मीटर धरलेली आहे, एसटीच्या टपावर आता काही ठेवता येत नाही, आणि चौदा फुटांची वस्तू दुमडत नाही. खेळाडूंचं साहित्य कसं न्यायचं याचा एक साधा नियम रेल्वेने करावा, ही मागणी पनवेलच्या प्रकारानंतर कोणीही करील. तोवर आमचा कांद्याचा ट्रक आहे.

पोल आल्यावर ओसरीवर त्याची तपासणी होते, आणि पोरांना ती उडीपेक्षा जास्त आवडते. आधी ओल्या फडक्याने सगळा पुसायचा. मग कापसाचा बोळा वरपासून खालपर्यंत हळू फिरवायचा. कुठे तंतू वर आला असेल तर कापूस तिथे अडकतो. खालच्या दोन-अडीच फुटांत स्पाइकचे ओरखडे बघायचे. रंगावरचा ओरखडा चालतो, नख अडकेल असा खड्डा चालत नाही. उन्हात तिरपा धरला की एखाद्या ठिकाणी आत पांढुरका डाग दिसतो. तिथे पोल कशावर तरी जोरात आदळलेला असतो आणि आतली काच चुरडलेली असते. असा पोल फुकट दिला तरी घेऊ नये. हाताच्या जागेची टेप पूर्ण काढायची, कारण भेग असली तर लपायला तिच्याइतकी सोयीची जागा नाही. तळाचं रबरी बूच काढून आतली कड बघायची. पोल वरून कापून आखूड केलेला नाही ना, हे लेबलवरच्या लांबीशी मोजपट्टीने मोजून ताडायचं. कापलेल्या पोलवरचे आकडे मग खरे राहत नाहीत.

शेवटी वजन. ५० पौंड म्हणजे २२ किलो ६८० ग्रॅम. सायखेड्यात एवढं वजन अचूक तोलायला अडचण नाही, कांद्याची गोणी आणि इलेक्ट्रॉनिक काटा घरोघरी आहे. शेवटचे चार कांदे काढ-घाल करून पोरं काटा बरोबर जुळवतात. पोल दोन घोड्यांवर ठेवला की तो आपसूक वळतो आणि ज्या बाजूला त्याचा नैसर्गिक कल आहे ती बाजू खाली घेतो. तिथे खडूची खूण करायची, कारण उडी मारताना पोल त्याच अंगाने वाकला पाहिजे. मग गोणी टांगायची आणि झुकाव मोजायचा. आमची घोडी आमच्याच अंतरावर असल्यामुळे आमचा आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळत नाही, आणि जुळायची गरजही नाही. आमच्याकडचे सगळे पोल त्याच घोड्यांवर, तेवढ्याच वजनाखाली मोजलेले आहेत. त्यांच्यात कोण कडक, कोण मऊ, याची यादी वहीत आहे. वहीत प्रत्येक पोलच्या नावापुढे कुणी वापरला, किती वजनाच्या मुलाने, कुठे हात धरून, कधी पडला, हेही लिहिलेलं आहे. पोल विकताना त्या पानाची झेरॉक्स सोबत द्यायची, असं आम्ही ठरवलंय. जुन्या पोलचं आरसी बुक म्हणा हवं तर.

हे एका गावात जमतं, तर क्रीडा खात्याला जमायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि तिचं नाव जडसंग्रह नोंदवही, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मी कुलूपबंद खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेले पोल पाहिले. खिडकीतून येणाऱ्या उन्हाने एका बाजूचा रंग उडालेला, वर धुळीचा थर. लेबलं शाबूत होती. दोन तर बारा फुटी होते, आमच्या पोरांना हवे तसेच. वापरायला द्या म्हटलं तर साहित्य बाहेर देता येत नाही. विकत द्या म्हटलं तर निर्लेखन झाल्याशिवाय विकता येत नाही. निर्लेखन कधी, तर वस्तू निरुपयोगी झाल्यावर. म्हणजे पोल चांगला आहे तोवर कोणी वापरू शकत नाही आणि कोणी वापरू शकेल असा राहिला नाही की तो भंगारात निघणार. भंगारवाला फायबरग्लासला हातही लावत नाही, त्याचं त्याला काही मिळत नाही. नियमाप्रमाणे वागणाऱ्या त्या लिपिकाला मी दोष देत नाही. पोल आणि लोखंडी कपाट यांना एकच नियम लावणारा शासन निर्णय ज्याने लिहिला त्याला थोडा देतो.

पोल सगळ्यांच्या हाती सारखा पोचतो का, यावरून ऑलिंपिकमध्येही भांडण झालेलं आहे. १९७२ च्या म्युनिकमध्ये अमेरिकेच्या बॉब सीग्रेनचा नवा पोल बाद ठरवला गेला. कारण काय, तर तो पुरेसा आधीपासून बाजारात सर्वांना मिळत नव्हता. सीग्रेनने त्याच वर्षी ५.६३ चा विश्वविक्रम केला होता. म्युनिकमध्ये हाताला सवय नसलेल्या पोलवर तो ५.४० वर थांबला आणि पूर्व जर्मनीच्या वोल्फगांग नॉर्डविगने ५.५० मारून सुवर्ण नेलं. सीग्रेनवर अन्याय झाला असं माझं मत आहे. आयत्या वेळी कुणाचा पोल काढून घेणं हा समानतेचा मार्ग नव्हे. पण ज्या तत्त्वासाठी ते केलं ते तत्त्व आमच्या जिल्हा स्पर्धेत कोणाला आठवतही नाही. तिथे एका मुलाकडे चार पोल असतात आणि बाकीचे चौघे आयत्या वेळी त्याच्याचकडे मागत फिरतात. मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याचा पोल वापरता येत नाही, हा नियम योग्यच आहे. पण संमती मागायची वेळ सोळा वर्षांच्या पोरावर, आणि तीही प्रतिस्पर्ध्याकडे, यावी का?

माझी मागणी नाशिक विभागापुरती सांगतो. नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार, अहिल्यानगर या पाच जिल्ह्यांतल्या क्रीडा संकुलांत आणि शाळांत जे पोल आहेत त्यांची लांबी, वजन आणि अवस्था यांची एक यादी करा. पोल जडसंग्रहातून काढून वाचनालयाच्या पुस्तकांसारखे अनामत घेऊन द्या. मुलाला अपुरा झाला की परत, दुसरा न्या. खाजगी मालकांनाही त्या यादीत पोल विकायला ठेवू द्या, अट एकच, तपासणीचा कागद सोबत हवा. आणि शालेय स्पर्धेपुरता एक नियम अमेरिकेतल्या शाळांकडून उचला. तिथे मुलाचं वजन पोलवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्या पोलवर उडी मारता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत असं बंधन नाही, कारण तिथले खेळाडू जाणते असतात. आमच्याकडे सवलतीच्या गुणांसाठी आणि कमी प्रवेशिका येतात म्हणून या प्रकारात नाव देणारी मुलंही असतात. त्यांच्यासाठी एक वजनकाटा मैदानावर ठेवणं परवडेल.

यावर एक रास्त आक्षेप येतो. जुने पोल खेड्यापाड्यांत सहज मिळू लागले तर प्रशिक्षक नसलेल्या ठिकाणी पोरं हातपाय मोडून घेतील. हे मला मान्य आहे. आणि पोलपेक्षा मोठी अडचण गादीची आहे. फायबरग्लासवरून उडी मारणारा पाठीवर पडतो. त्याच्या खाली नीट, जाड, पुरेशी रुंद गादी नसेल तर पोल नवा आहे की जुना याला काही अर्थ नाही. गादी पोलपेक्षा कितीतरी महाग आणि तिला सांभाळायला जागाही लागते. आमच्याकडे तर गोदावरी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी गावात आली तेव्हा पाण्यातून काढलेला फोम कसा वागतो ते आम्ही पाहिलं. वरून वाळलेला दिसतो, आत महिनाभर पाणी धरून ठेवतो, पाय दिला की कुबट वास सोडतो आणि मग मधूनच बसतो. म्हणून माझ्या यादीत पोल कुणालाही मिळणार नाहीत. ज्या केंद्राकडे गादी आणि हा खेळ शिकवणारा माणूस आहे, त्यालाच. तालुक्याला असं एक केंद्र झालं तरी चालेल. तिथवर पोरांना पोचवायला आमच्याकडे पिकअप आहेत.

ब्रँडच्या नावांवरून पोरांची भांडणं चालतात. कुणाला स्पिरिट हवा, कुणाला पेसर, आणि कार्बन लिहिलेलं दिसलं की सगळ्यांना तोच हवा. कार्बनचा पोल हलका असतो, धावताना टोक जड वाटत नाही, हे खरं. पण साडेतीन मीटरच्या आत उड्या मारणाऱ्याने आधी स्वतःच्या वजनाचा पोल शोधावा, नाव मग बघता येईल.

सध्या आम्हाला १२ फुटी, १०० ते ११० पौंडांचा पोल हवा आहे, जिल्हा स्पर्धेच्या आत. कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर कळवा. टेप काढलेले फोटो लागतील, शक्यतो उन्हात घेतलेले.